टीचरअक्का आणि चिट्टू

टीचरअक्का कुत्र्यावर कधी ओरडल्या नाहीत. तंजावरच्या शाळेत पी.टी. शिकवताना त्यांच्या शिट्टीने अख्खं मैदान गप्प होई म्हणे. पण निवृत्तीनंतर रस्त्यावरची काळी कुत्री, चिट्टू, घरी आणली आणि त्यांचा आवाजच उतरला.

आमच्या शेजारच्या नारळीच्या बागेत त्यांनी अ‍ॅजिलिटीचं मैदान उभारलं: बांबूचे अडसर, ताडपत्री शिवून केलेला बोगदा, नागमोडी पळायला रोवलेल्या काठ्या. कुत्र्याने अडथळे पार करायचे, माणसाने शेजारून पळत वाट दाखवायची. चिट्टू चुकली की अक्का मला म्हणत, "ती काय करील रे? ती माझे खांदे, हात पाहते. खांदा वळला, हात हलला, तिकडं जाते. चूक माझीच की."

"मुलंबाळं नाहीत, पावम, बिचारी," शेजारीण हळहळे. अक्का हसत. "मूल असतं तर एवढं ऐकलं असतं का?"

चेन्नईच्या स्पर्धेची तयारी चालली होती, तेव्हाच चिट्टू बिघडू लागली. काठ्यांमध्ये मध्येच थांबे, भलत्याच अडसराकडे धावे, गोंधळून भुंके. अक्कांनी अडसर खाली घेतले, वेग कमी केला. शेवटी मला व्हिडिओ काढायला लावला. तो त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. चिट्टू ठीक होती. अक्कांचा उजवा हात कापत होता, आणि त्या कापण्यालाच ती आज्ञा समजत होती.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला.

"तू पळव तिला," अक्का म्हणाल्या. मी पळालो. चिट्टू जागची हलली नाही. खुर्चीत बसलेल्या अक्कांकडे पाहत राहिली. चेन्नईला आम्ही गेलोच नाही.

पुढे अक्कांनी अंथरूण धरलं. चिट्टू खाटेपाशी असे. हात हलला की उठे, कान टवकारे, इकडे बघे, तिकडे बघे. जायचं कुठे ते कळेना. आणि हात तर दिवसभर हलायचा. ती धड खाईना, झोपेना. एके दुपारी अक्का जड जिभेने म्हणाल्या, "घेऊन जा हिला. पोदुम, पुरे झालं. मी हिला बसू देत नाही."

मी साखळी लावली. चिट्टूने उंबऱ्यात अंग टाकलं. अक्कांनी कापता हात चादरीखाली दुसऱ्या हाताने दाबून धरला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. मी चिट्टूला उचलून नेलं.

काही दिवसांनी भेटायला गेलो. "जेवते?"

"हो, अक्का. झोपतेसुद्धा गाढ."

"माझ्यासाठी रडते?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. पोंगलच्या आधीच त्या गेल्या.