दोनदा मास्तर

मास्तरांचं निम्मं आयुष्य ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर गेलं. मोटार शिकवण्याची स्वतःची शाळा, एकुलती एक गाडी, शेजारच्या सीटसमोर बसवलेले जादा क्लच-ब्रेक आणि एकच नियम: सगळं दोनदा. हँडब्रेक ओढलास? पुन्हा बघ. आरसा पाहिलास? पुन्हा बघ. "एकदा बघतो तो शिकाऊ, दोनदा बघतो तो घरी पोचतो," हे वाक्य त्यांनी इतक्यांच्या डोक्यात कोंबलं, की लोक त्यांना दोनदा मास्तरच म्हणू लागले.

"मास्तर, लग्नपण दोनदा केलंत का हो?" एखादा टवाळ विचारायचा.

"एकदाच केलं. म्हणून तर फसलो," हे उत्तर ठरलेलं. खिडकीत उभी असलेली बायको ते ऐकून दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

बायको वारली, शाळा बंद झाली. गाडी मुलीने ठेवून घेतली, कारण तिला ती रोज लागायची. ती रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाची पक्षाघाताने लुळी पडलेली बाजू. जादा पेडल तिने काढून टाकले. तरीही ती वळणावर आली की मास्तरांचा पाय शेजारी रिकाम्या चटईवर दाबला जायचा.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मास्तरांनी सवयीने ते दोनदा म्हणायला लावलं. दोन्ही वेळा तेच नाव निघालं.

विसरण्याचा आजार एकदम घरात शिरत नाही. आधी दारातून डोकावतो. मास्तर गॅसवर चहा ठेवून फिरायला गेले. एकदा गाडी घेऊन शाळेच्या जुन्या मैदानावर गेले आणि परतीचा रस्ता एका पोराला विचारत बसले. मग गाडीची जादा चावी, जी कायम त्यांच्या खिशात असायची, ती कुठेतरी पडली ती पडलीच.

"नवी करून घेऊ," मास्तर म्हणाले.

"कशाला? एकच चावी पुरे, बाबा. चालवणारी मी एकटीच आहे."

तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं. त्यांना गाडी चालवायची नव्हती. खिशात चावी हवी होती. रिकाम्या खिशात हात घालून उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आलो आहोत असं त्यांना वाटायचं.

त्याच आठवड्यात मुलीने दुसरी गोष्ट काढली. तिच्या कामाच्या वाटेवर म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं. "मी घरी नसते, मला तुमची काळजी वाटते," ती म्हणाली. मग तिने पुढे जोडलं, "महिनाभर बघू या. काही घोळ झाला नाही, तर विषय बंद."

घोळ न करणं एवढंच पुरेसं आहे, असं मास्तरांना वाटलं नाही. आपण काहीतरी धड करून दाखवायला हवं.

ते चावीवाल्याच्या दुकानात गेले. चावीवाला त्यांचाच विद्यार्थी. गाडी मागे घेताना परीक्षकाच्या सायकलवर घातली म्हणून पहिल्या परीक्षेत नापास झालेला.

"मास्तर! या, बसा. सायकलची भरपाई मागायला आलात की काय?"

"तुझी रिव्हर्स सुधारली का ते बघायला आलो."

हसणं झालं. मग चावीवाल्याने बटणवाली नवी चावी काउंटरवर ठेवली आणि सांगितलं की या जुन्या मॉडेलला मशीन लागत नाही, घरच्या घरी जमतं. गाडीला नव्या चावीची ओळख करून द्यायची, बस. ड्रायव्हरचं दार उघडायचं, जुनी चावी लावून काढायची, दाराच्या कुलपाचं बटण ठरावीक वेळा दाबायचं, दार लावायचं, मग तीच चावी परत लावून फिरवायची आणि शेवटी नव्या चावीची दोन्ही बटणं एकदम दाबायची.

"एवढं एक ध्यानात ठेवा. चावी एकदाच फिरवायची. एकदा फिरवली की नवी चावी जुनीच्या जोडीला बसते. दोनदा फिरवली की गाडी जुन्या सगळ्या चाव्या विसरते आणि फक्त नवीच ओळखते. चावी चोरीला गेली तर असावी म्हणून सोय आहे ती. थांबा, लिहून देतो."

"मास्तराला चिठ्ठी देतोस?"

चावीवाल्याने पेन खाली ठेवलं. मास्तरांचा मान राखायचा म्हणून. त्या दिवशी तो राखला नसता तर बरं झालं असतं.

सुट्टीच्या दुपारी मुलगी झोपली होती. मास्तरांनी खुंटीवरची तिची चावी घेतली आणि ते खाली उतरले. गाडीत ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ही सीट त्यांना तशी परकीच. वाटेत त्यांनी सगळा क्रम मनात घोळवला होता आणि तो बिनचूक होता. दार, चावी, बटण, दार. शाळेत शिकवत तसं ते स्वतःशीच पुटपुटत होते. शेवटी त्यांनी चावी लावली आणि फिरवली.

आणि खात्री करण्यासाठी पुन्हा फिरवली.

चारही दारांची कुलपं खट खट वाजली. गाडीने दोनदा फिरवल्याची पोच दिली होती. मास्तरांना तो आवाज ओळखीचा आणि समाधानाचा वाटला. त्यांनी नव्या चावीची दोन्ही बटणं एकदम दाबली, पुन्हा खट झालं. बाहेर येऊन नव्या चावीने दारं बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. जमलं होतं. कितीतरी महिन्यांनी एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांच्या हातून पार पडलं होतं.

मुलीची चावी त्यांनी खुंटीवर लावली. नवी चावी जपून ठेवली. उद्या सकाळी, तिची निघायची गडबड असताना, सहज खिशातून काढून दाखवायची असा बेत होता.

सकाळी मुलीने गाडीपाशी जाऊन बटण दाबलं. काही झालं नाही. "सेल गेला वाटतं," असं म्हणत तिने चावीच्या पात्याने दार उघडलं आणि गाडीने बोंब ठोकली. बटणाशिवाय दार उघडणारा प्रत्येक जण या गाडीच्या लेखी चोर. सायरन थांबेना आणि इंजिन सुरू होईना. वरच्या मजल्यावरून शेजारी वाकला.

"ताई, स्वतःचीच गाडी चोरताय का?"

मास्तर पायरीवर उभे होते. "थांब, थांब!" ते जवळजवळ आनंदाने ओरडले. "माझ्याकडे आहे चावी!"

त्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पुन्हा पहिल्या.

"कुठली चावी, बाबा?"

त्यांनी सांगितलं. सायरनमुळे तेही ओरडून सांगावं लागलं.

मग घरभर शोधाशोध झाली. कपाट, गादीखाली, चष्म्याचं घर, डाळीतांदळाचे डबे, बायकोच्या फोटोमागे. मुलीने एका रुग्णाला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. मग येतच नाही म्हणून सांगितलं. चपलांच्या ढिगात ती जमिनीवर बसली. ती चिडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

चावीवाला हातात नवी चावी घेऊन आला. त्याने बॉनेट उघडून सायरनची तार काढली. शांतता झाली.

"मास्तर, दोनदा फिरवलीत ना?"

"सवय आहे माझी," मास्तर घाईने म्हणाले. "विसरलो नाही मी. सवयीने झालं. तुला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे!"

"हो तर! मला चांगलंच ठाऊक आहे," चावीवाला हसला आणि मुलीचा चेहरा बघून थांबला.

"आणि चावी कुठे ठेवली ते आठवत नाही, तीही सवयच का, बाबा?" मुलीने हळू आवाजात विचारलं.

पहिली चूक आजाराची नव्हती, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. पण दुसरीने पहिलीची साक्ष खोटी पाडली होती. आता त्यांच्यावर कुणी विश्वास का ठेवावा? त्यांना स्वतःलाही तो ठेवता येईना.

चावीवाला गाडीत बसला. दार, चावी, बटण, दार. मग त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, एकदा फिरवू की दोनदा? एकदा फिरवली तर मास्तरांची चावीपण चालू राहील. पण ती बाहेर कुठे पडली असेल, तर ज्याला सापडेल त्याच्यासाठी गाडी उघडी. दोनदा फिरवली तर ती मेली."

मुलीने वडिलांकडे पाहिलं.

"दोनदा," मास्तर म्हणाले.

कुलपं खट खट वाजली.

महिना पुरा होण्याची वाट बघितली गेली नाही. मुलगी आता त्यांना रोज सकाळी केंद्रात सोडते. तिथे मोठी खिडकी आहे, कॅरम आहे, आणि सांभाळणाऱ्या बायका त्यांना 'आजोबा' म्हणतात. मास्तर कुणी म्हणत नाही. वळणावर त्यांचा पाय अजूनही चटईवर दाबला जातो. मुलीला ते दिसतं, ती रस्त्याकडे बघत राहते.

चावी सापडली ती एका रविवारी, शाळेच्या 'शिकाऊ' पाट्या ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात. गाडीची वस्तू गाडीच्या वस्तूंत. त्याहून शहाणी जागा कुणाला सुचली नसती. मास्तर खिडकीपाशी गेले. खाली गाडी उभी होती. त्यांनी बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं.

"हिचा सेल गेलाय," ते मुलीला म्हणाले. "उद्या येताना नवा घेऊन ये."

"आणते, बाबा."

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, "आणते."