मांडीखाली दाबलेले हात

आमच्या समोरच्या दारातले ऑपरेटर रोज सकाळी डबा घेऊन निघतात, ते एका माणसाला आजारी पाडायला. वैद्यकीय कॉलेजात संगणकातला एक पेशंट आहे. शिकाऊ डॉक्टर त्याला औषधं देतात, व्हेंटिलेटर लावतात आणि पडद्यावर रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन त्याप्रमाणे हलतात. काचेमागे बसून तो पेशंट चालवायचा, ही यांची नोकरी.

आता हा माणूस घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो. माझ्या दाराकडे तोंड करून. पोरं चुकली, पेशंट घसरला, की यांचा हात पेशंटला सावरणाऱ्या बटणाकडे जायचाच. सात महिन्यांत एकही दगावला नाही. पोरं पडदा सोडून काचेकडेच बघायला लागली.

शेवटी विभागाच्या मॅडम आत आल्या. "अमरपट्टे वाटायला बसलात का हो? उद्या खऱ्या आयसीयूत काचेमागे तुम्ही असणार आहात? पुन्हा बटणाला हात लावलात, तर परवापासून घरी बसा."

दुसऱ्याच दिवशी नंबर कुणाचा? यांच्याकडेच राहून शिकणाऱ्या सख्ख्या भाचीचा!

ऑक्सिजन कमी होता. तिने व्हेंटिलेटरचा दाब वाढवला, ऑक्सिजन चढला, भाची खूश. पण छातीत हवेचा दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, हे ती विसरली. रक्तदाब कोसळला. तिने आशेने काचेकडे पाहिलं. मामा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. सहाव्या मिनिटाला पेशंट गेला.

घरात अबोला. "मामी, त्यांना म्हणावं मीठ सरकवा." मामी तर पेटलेल्याच. "सात महिने जगभरच्या पोरांना वाचवलंत, नेमका आपल्याच पोरीचा मारलात!"

मी शेजारधर्म म्हणून भेटायला गेलो. "वय काय होतं हो?"

"अठ्ठावन्न," मान खाली घालून ते म्हणाले.

चौथ्या दिवशी भाचीने तोंड उघडलं. "मामा, तोच पेशंट परत लाव."

या वेळी रक्तदाब घसरताच तिने व्हेंटिलेटरचा दाब उतरवला, सलाइन सोडलं. काचेकडे एकदाही बघितलं नाही. पेशंट जगला.

संध्याकाळी मी त्यांना जिन्यातच गाठलं. "खरं सांगा, दाबलंत ना बटण?"

"शप्पथ नाही."

"पुरावा?"

त्यांनी तळहात पुढे केले. खुर्चीच्या वेताची जाळी अजून पुसट उमटलेली होती.