परमिट रूममधली खुर्ची

“ही माझी आई नाय. काढा हिला भायेर,” माझा मुलगा पोलिसांना म्हणाला. बोलताना ग्लास त्यानं टेबलाखाली धरला होता. मी खुर्चीचे हात सोडले नाहीत, तेव्हा दोन महिला शिपायांनी मला खुर्चीसकट उचललं आणि जालना रोडच्या कडेला उन्हात आणून ठेवलं.

मुलगा चिकलठाण्याला कंपनीत होता. पिण्यापायी काम गेलं. मग पोटात पाणी झालं, पाय सुजले, डोळे पिवळे पडले. डॉक्टरनं त्याच्या तोंडावर सांगितलं, आता घेतलीस तर मरशील. तो व्हय म्हणाला, आणि परतताना करमाडजवळ रिक्षा थांबवून परमिट रूममध्ये शिरला. मी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसून राहिले.

आमच्याकडं माणूस कितीही बेवडा असला तरी वडीलधाऱ्यांसमोर पीत नाही. बिडीसुद्धा मुठीत लपवतो. मी तेवढ्यावर भिस्त ठेवली. दुसऱ्या दिवशी परमिट रूमचं दार उघडल्याबरोबर भाकरी बांधून गेले आणि मधल्या टेबलाशी बसले. येणारे सगळे आसपासचेच. निम्मे तर लहान असताना उघडे-नागडे फिरताना मी पाहिलेले.

“रामराम काकू,” एक जण दचकून म्हणाला आणि ग्लासवर रुमाल टाकला. “तुमी हितं कशा?”

“तू कसा?”

“मी जेवाया आलो.”

“मग जेव की. मी कुठं हात धरला?”

त्यानं नुसते शेंगदाणे खाल्ले आणि गेला. त्याच्या मागोमाग बाकीचेही उठले. माझा मुलगा दारापर्यंत आला, मला बघून मागं वळला. दुसरा बार लांब होता, सुजलेल्या पायांनी त्याला तिथवर जाता येत नव्हतं. त्या दिवशी तो प्याला नाही. हात कापत होते, शिव्या देत होता, पण संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. असे तीन-चार दिवस गेले. डोळ्यांचा पिवळेपणा कमी झालाय असं सून म्हणाली. मला काही फरक दिसला नाही.

मॅनेजर बाहेरगावचा होता. रोज म्हणायचा, “आजी, घरी जा. तुमच्यापायी कुत्रं फिरकंना इथं.”

“माझ्या पोराला देणार नाय म्हण, आत्ता उठते.”

“गिऱ्हाइकाला नाय कसं म्हणू?”

“मग मी बी गिऱ्हाईक. चहा आण.”

“चहा मिळत नाय इथं.”

“पाणी तरी मिळतं का?”

शेवटी त्यानं मालकाला फोन केला, मालकानं पोलिसांना. ते येईपर्यंत मुलगा आत आला होता. त्याला आता राहवत नव्हतं. माझ्याकडं पाठ करून कोपऱ्यात बसला आणि मागवली.

ठाण्यात साहेब बरं बोलले. “आजी, जागा मालकाची. जा म्हटल्यावर गेला नाहीत, म्हणजे घुसखोरी झाली. गुन्हा नोंदवावा लागला.”

“आन् मरायला लागलेल्याला पाजणं?”

“त्याचं लायसन आहे त्याच्याकडं. परत आत पाऊल ठेवलंत तर मला अटक करावी लागंल.”

मग मी रस्त्याच्या पलीकडं बसू लागले. मालकानं दाराला जाड पडदा लावला. आतल्यांना मी दिसेना, मग कुणाला कसली लाज? मुलगा माझ्यासमोरून जायचा. एकदा थांबला.

“घरी जा, आई. ऊन लागंल.”

“तू चल.”

“येतो,” म्हणाला आणि पडद्याआड गेला.

पुढच्या महिन्यात त्याला रक्ताची उलटी झाली. सरकारी दवाखान्यात रात्रभर होता, सकाळी गेला.

कोर्टाची तारीख त्याच्या तेराव्यानंतर लागली. जजसाहेबांनी विचारलं, “निघा म्हटल्यावर निघाला नाहीत, हे खरं का?”

“खरं हाय,” मी म्हणाले. “नाय निघाले.”

सून नातीला घेऊन माहेरी गेली. घरात मी एकटी राहिले.