शिवपुत्र विसरला तो सोमवार

अक्कलकोटच्या गुरुसिद्धप्पांचं गुळाचं दुकान होतं. मुलगा शिवपुत्र मुंबईला परळच्या कॉलेजात गेला, तेव्हा ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, पोरगा डॉक्टरी शिकतोय. कुणाची डॉक्टरी, असं विचारलं की ते घाईघाईने गूळ फोडायला लागायचे.

सोलापूरच्या शाळेत शिवपुत्र माझ्या बाकावर बसायचा. कॉलेजच्या सुट्टीत आला की घोड्याच्या हाडांची नावं घडाघडा म्हणून दाखवी. चुलत बहिणींची मात्र दरवेळी चुकवी. त्याच्याबरोबर शिकलेले डॉक्टर कुणी पलटणीच्या घोड्यांवर गेले, कुणी पुण्याला शर्यतीच्या तबेल्यात. आमचा गडी टाय बांधून सोलापूरच्या गुरांच्या दवाखान्यात रुजू झाला.

चौतीस साली दुधनीच्या बाजूला बुळकांडी आली. या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत. शिवपुत्रने लस बर्फाच्या पेटीत घातली, मला हमाल म्हणून घेतलं आणि पहिल्या गाडीने निघाला. बर्फ जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकणार होता. तो संपला की लस वाया, आणि दुसरी यायला पंधरवडा. आम्हाला जायचं त्या गावाच्या ओढ्यापलीकडे तर रोग पोचलाच होता.

गावात गेलो तर सगळे बैल गोठ्यात रवंथ करत बसलेले. शिवपुत्र खूश झाला. पण एकाही बैलाला कुणी हात लावू देईना. शेवटी एका बैलजोडीची मालकीण, चंद्रव्वा नावाची म्हातारी, पुढे आली.

"अप्पा, आज सोमवार हाय की."

शिवपुत्रचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जन्म लिंगायताच्या घरातला, आणि सोमवारी बैलाच्या, म्हणजे बसवण्णाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला कसला त्रास देत नाहीत, हे पठ्ठ्या तीन वर्षांत साफ विसरला होता.

"मुंबईत सोमवार नसतुय का रं?"

"असतो, अव्वा. पण तिथं सुट्टी रविवारची."

"बैलास्नी बी?"

"बैलांना कधीच न्हाय."

"मग तितं जाऊन शिकलास काय?"

सगळा गाव हसला. मीही हसलो, त्याबद्दल त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

त्याच्या जागी मी असतो तर रोगजंतूंवर व्याख्यान झोडलं असतं. त्याने बूट काढले, टाय खिशात कोंबला, कपाळाला विभूती लावली आणि सोमवारची बैलांची सेवा आधी मला करू द्या म्हणाला. पेटीतून पाणी ठिबकत होतं, आणि हा विहिरीवर शिंगांमागचा मळ काढत बसला होता. तिसऱ्या बैलाला रुद्रप्पा नावाच्या शेतकऱ्याने आपणहून बादली उचलली. मग आणखी चौघे आले. बैल धुवायचा, भाकरी भरवायची, पाया पडायचं आणि तिथेच कातडी चिमटीत धरून सुई. सुई ही सेवाच, असं कुणी म्हणालं नाही. पण कुणी अडवलंही नाही.

दिवस मावळताना चंद्रव्वाची जोडी तेवढी उरली. पेटीत लिंबाएवढा बर्फ होता.  तिने पहिल्या बैलाच्या डोळ्यांवर पदर धरला.

"टोच. पर त्याला सांगून टोच."

शिवपुत्र वाकून बैलाच्या कानात कानडीत काहीतरी बोलला. काय, ते त्याने मला कधीच सांगितलं नाही.

महिन्याभरात पलीकडचे निम्मे गोठे ओस पडले. इकडचा एकही बैल गेला नाही. पेरणीला पलीकडच्यांनी बैल मागितले, तेव्हा चंद्रव्वाने आपली जोडी दिली आणि बजावलं, डॉक्टरच्या हातची हाय, जपून हाका.