गच्चीवरचं ऊन

आमच्या सोसायटीत नळ ठिबकायला लागला की लोक प्लंबरच्या आधी माझ्या तोंडाला घाबरतात. भर दुपारी जिन्यातला दिवा जळताना दिसला तर मी तिथेच उभा राहून मोठ्यानं विचारतो, "कुणाच्या तीर्थरूपांची वीज आहे ही?" ओला कचरा, सुका कचरा, गांडूळखताचा खड्डा, पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणं, ही सगळी माझी थेरं, असं बायको म्हणते. मला त्यात सुख वाटायचं, हे खरं आहे. आपण बरोबर आणि बाकीचे सगळे चूक, या सुखाची एकदा चटक लागली की सुटता सुटत नाही.

कोथरूडमधली आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची. खाली पार्किंग, आमचं घर सगळ्यात वर, आणि पहिल्या मजल्यावर पश्चिमेच्या बाजूला काका-काकू. ते नात्याचे नाहीत, पण इतक्या वर्षांत दुसरं काही म्हणायचं सुचलंही नाही. त्यांच्या खिडकीला लागून करंजाचं मोठं झाड होतं. आम्ही इथे घर बघायला आलो तो एप्रिल महिना होता. दलाल किल्ली आणायला गेला, तेव्हा काकूंनी आम्हाला आत बसवून पाणी दिलं. पंखा बंद होता आणि तरी खोली गार होती. बायको बाहेर येऊन म्हणाली, "इथेच घेऊ या." आम्हाला मिळालं ते गच्चीखालचं, भट्टीसारखं तापणारं घर, पण तो मुद्दा वेगळा.

गेल्या वर्षी मी सगळ्यांच्या मागे लागून गच्चीवर सोलर पॅनल बसवून घेतले. सकाळी झकास चालायचे. दुपार कलली की करंजाचा शेंडा आडवा यायचा आणि अर्धे पॅनल सावलीत जायचे. मी रोज मोबाइलवर विजेचा आलेख बघायचो आणि तो खाली घसरला की माझं डोकं फिरायचं. शेवटी पालिकेकडून फांद्या छाटायची परवानगी आणली आणि पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली.

काका तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन थोडेच दिवस झाले होते आणि काकू तिथेच मुक्कामाला होत्या. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "पहिल्या मजल्यावर विचारलं का? झाड त्यांच्या खिडकीत आहे." मी म्हणालो, "अहो, ते कुठल्या परिस्थितीत आहेत! त्यांना आत्ता झाडाचं काय विचारायचं?" सगळ्यांना ते समंजसपणाचं वाटलं. मलाही तसंच वाटलं, किंवा मी तसं वाटून घेतलं.

छाटणीच्या दिवशी मी गच्चीच्या कठड्याशी उभा होतो. परवानगी वरच्या फांद्यांची होती. त्या पडल्या, ऊन पॅनलवर आलं, काम तिथेच थांबायला हवं होतं. पण पुढच्या वर्षी परत हा खटाटोप कोण करणार? मी वरून बोट दाखवत गेलो. ती घ्या, तीही घ्या, ती भिंतीकडची पण. झाडावरच्या माणसानं एकदा वर बघून विचारलंसुद्धा, "साहेब, ही बी?" मी म्हणालो, "हो, ही पण." संध्याकाळी खाली बुंधा आणि चार थोटकं उरली होती.

त्याच वेळी काकू काकांचे कपडे न्यायला रिक्षातून उतरल्या. फाटकाशी थांबून त्यांनी वर बघितलं. मग म्हणाल्या, "उजेड खूप झाला हो."

"हो ना!" मी म्हणालो. "आता अगदी संध्याकाळपर्यंत वीज मिळणार बघा."

काका कसे आहेत, हे मी विचारलंच नाही. त्या जिना चढून गेल्यावर माझ्या ते लक्षात आलं. तेव्हा मी मनात म्हटलं, उद्या फोन करू. उद्याही केला नाही.

सामायिक वीजबिल खरंच खाली आलं. लोकांनी माझं कौतुक केलं, मला शाल-श्रीफळ दिलं. हल्ली घर बघायला येणाऱ्या लोकांना एजंट आधी आमच्या गच्चीवर नेतो आणि "ग्रीन सोसायटी आहे साहेब" म्हणून पॅनल दाखवतो. पूर्वी मी असल्या वेळी मुद्दाम वर जाऊन माहिती द्यायचो. आता दार लावून घेतो.

काका घरी आले ते उजवी बाजू गमावून. खाट नेहमीच्या खिडकीपाशीच लावली होती. मार्चपासून त्या खिडकीतून दुपारभर ऊन थेट अंथरुणावर यायला लागलं. काकूंनी जाड पडदा लावला, मग चादर बांधली, मग ओली चादर. खाट आत हलवावी तर आतली खोली इतकी चिंचोळी की दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उठवता येईना. घामानं काकांच्या पाठीची सालं निघायला लागली. डॉक्टर म्हणाले, खोली गार ठेवलीच पाहिजे.

म्हणून एके दिवशी काकू वर आल्या. "एसी घ्यायचा म्हणतेय. कुठला घेऊ ते तुम्हीच सांगा. वीज कमी खाणारा हवा हो, तुम्हाला वाईट वाटायला नको."

माझा जन्म पुण्यात गेला. कोण टोमणा मारतंय आणि कोण सरळ बोलतंय, हे मला आवाजावरून कळतं असा माझा समज होता. त्या दिवशी कळलं नाही, आणि विचारायची छातीही झाली नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी स्वतः जाऊन फाइव्ह स्टारचा एसी आणला. ज्या मी एसी म्हणजे शहराला ताप म्हणून लोकांची डोकी खाल्ली, तोच मी भिंतीला भोक पाडताना शिडी धरून उभा होतो. बाहेरचं यंत्र करंजाच्या थोटकांसमोर बसलं. खिडकीच्या काचांना काळी फिल्म लावली. खोली खरोखर गार झाली. काकू म्हणाल्या, "झोप लागते हो आता त्यांना." मी त्यांना रिमोट कसा चालवायचा ते दाखवलं.

काका जागे होते. त्यांचे शब्द अजून अडखळतच येतात. त्यांनी डाव्या हातानं काळ्या काचेकडे बोट केलं आणि म्हणाले, "झाड... कोणी?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी काकू बोलल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, काकांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिल्या. "सांगितलं ना तुम्हाला. पालिकेची माणसं आली होती. आपण हॉस्पिटलात होतो तेव्हा."

मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई मला त्यांच्या नजरेतून उतरू देत नव्हती, आणि मी ते मुकाट्यानं घेत होतो. अजूनही बोलता आलं असतं. दोनच शब्द होते.

"गाढव लेकाचे," काका म्हणाले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून चांगली ताकद आहे त्यांच्या. "तू... तक्रार कर. सोडू नकोस. झाडांचं... तूच बघतोस."

"करतो, काका," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. काकू चहा टाकायला आत गेल्या. काकांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, म्हणून मी तिथेच बसून राहिलो.