दत्तूमामांची पुढची पदवी

दत्तूमामा गेल्याचं मला त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाईक यांनी फोनवर सांगितलं. "झोपेतच गेले, त्रास नाही झाला," म्हणाले, आणि मग घसा खाकरून, "तुम्ही या. बोर्डाचं तुम्ही आल्यावर बघू." मी पालेगावहून रिक्षाने निघाले, तरी डोक्यात मामांच्या आधी तो बोर्डच, आणि त्याचा मला रागही आला. बदलापूरला हेंद्रेपाड्यात मामांच्या सोसायटीच्या गेटपाशी एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार आणि माणूस कोण गेलं, एवढ्या दोनच बातम्या त्यावर येतात. निधनाची बातमी नाईक स्वतः खडूने लिहितात आणि नावापुढे शिक्षण लिहिल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत. तळमजल्यावरच्या आजी शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, तर त्यांच्यापुढे 'चौथी (जुनी)' असं लिहिलं होतं.

मामा बी.एस्सी. होते. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅब सांभाळायचे. लग्न केलं नाही. आम्ही लहान असताना आई म्हणायची, "आज दत्तू आणि हिरो येणार जेवायला." पहिल्या वेळी आम्ही भावंडं तोंडाला पावडर लावून दारात उभी राहिलो. मामांच्या मागून एक बुटका, टकला माणूस पापडाचा डबा घेऊन आला आणि आमची तोंडं उतरली. हिरानंद त्यांचं नाव. सिंध्यांमध्ये हिरानंदचा हिरो होतो हे आम्हाला आधी कोणी सांगायला हवं होतं. उल्हासनगरला त्यांचं शिवणयंत्रांचं दुकान होतं. पुढे दोघांनी हेंद्रेपाड्यात समोरासमोर फ्लॅट घेतले. फ्लॅट दोन, पण सिलिंडर एकच. आई या विषयावर आयुष्यात एकच वाक्य बोलली, "त्यांचं आपलं बरं चाललंय," आणि हिरोकाकांना आमटी जास्त वाढली.

हिरोकाका मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. घरच्यांनी बाहेर काढलेल्या पोरापोरींना ते दुकानाच्या माळ्यावर ठेवून घेत आणि मशीन दुरुस्ती शिकवत. व्यापाऱ्यांनी एकदा त्यांचा सत्कार केला, तेव्हा माइक हातात घेऊन म्हणाले, "मी गे आहे. तुम्हाला सगळ्यांना मालूम आहे, फक्त कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आता बैठो, खाना गरम आहे." मंडळी निमूट जेवायला बसली. आपल्या भागात भर सभेत हे बोललेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. त्यानंतर कल्याणपासून कर्जतपर्यंतची माणसं त्यांचा पत्ता विचारत दुकानात येऊ लागली. त्या दिवशी मामा शेवटच्या रांगेत बसले होते, मांडीवर काकांची शाल आणि नारळ. शेजारच्याने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" मामा म्हणाले, "शेजारी."

हिरोकाका गेले आणि मामांनी ध्यास घेतला की त्यांचं स्मारक व्हायला हवं. परदेशात अशा माणसांचे पुतळे असतात, बागेत बाकं असतात, हे त्यांनी मला मोबाइलवर दाखवलं. "आपल्याकडे पुतळा नको, कावळे बसतात. चौक पुरे." गल्लीच्या टोकाला, केळीवाल्याच्या गाडीपाशी, तीन रस्ते मिळतात. नाईकांनी हरकत घेतली, "चौक म्हणजे चार रस्ते. हा तिठा आहे." मामा त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. शेवटी पालिकेचे लोक तयार झाले, पण नावापुढे 'समाजसेवक' लिहू म्हणाले. मामा अडून बसले. समाजसेवक काय, निवडणुकीत उभा राहणारा प्रत्येक जण असतो. "तो जे होता ते लिहा," त्यांनी पेंटरला फोनवर बजावलं. पेंटर म्हणाला, "काय होते साहेब?" मामा म्हणाले, "एल.जी.बी.टी."

उद्घाटनाच्या दिवशी पाटीवरचा पडदा सरकला. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत होतं : 'कै. हिरानंद लोकूमल, एल.जी.बी.टी., चौक'. अगदी बी.कॉम., एलएल.बी. लिहितात तसं. टाळ्या पडल्या. स्थानिक पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, की फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबातल्या मुलाने, दुकान सांभाळून, एवढं उच्च शिक्षण घेतलं, आजच्या तरुणांनी आदर्श घ्यावा. मी लाजेने चपलेकडे बघत होते. मामा रुमालात तोंड घालून हलत होते. रडताहेत असं वाटून दोन बायकांनी त्यांना खुर्ची दिली, तर ते आणखीच हलायला लागले.

पाटी बदलून घ्या म्हणून मी पुष्कळ भांडले. मामा ऐकेनात. "हिरो मॅट्रिकला गणितात दोनदा आपटला होता गं नीलू. त्याला पदवीची फार हौस. त्यातलं एकच अक्षर त्याचं, पण आता दिलीय तर पूर्ण असू दे."

"पण लोकांना कळणार कसं?"

"विचारतील. विचारलं की सांगायचं."

मग मामा रोज संध्याकाळी केळीवाल्याच्या स्टुलावर बसायला लागले. नाईकही बोलणं पुन्हा सुरू करून तिथेच टेकू लागले. लोक खरंच विचारायचे. कोणतं कॉलेज? "उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन." एका बाईला मुलीला त्या कोर्सला घालायचं होतं, ॲडमिशन कधी असते म्हणाल्या. "ॲडमिशन घ्यावी लागत नाही, जन्मताच होते. पास व्हायला वेळ लागतो," असं म्हणून मामा मग सगळं नीट समजावून सांगत. कोणी केळी न घेताच निघून जाई. कोणी हळू आवाजात स्वतःच्या घरातलं सांगत बसे. आणि बहुतेक जण उठताना तोच जुना प्रश्न विचारत, "आणि तुम्ही त्यांचे कोण?"

"शेजारी," मामा म्हणत.

मला त्याचं फार वाईट वाटायचं. ज्या माणसासाठी एवढा चौक उभा केला, त्याच्याच पाटीखाली बसून... शेवटच्या भेटीत मी न राहवून बोलले. मामा केळं सोलत होते. "हिरो रेग्युलरला होता," म्हणाले, "मी आपला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलोय. तयारीच होत नाही गं." आणि अर्धं केळं माझ्या हातात ठेवलं. मी हसले, पण घरी जाऊन रडले.

तर त्या सकाळी मी पोचले, तेव्हा नाईक फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते. त्यांनी सुवाच्य अक्षरात मामांचं नाव लिहिलं होतं आणि पुढे स्वल्पविराम देऊन थांबले होते. मी म्हटलं, "बी.एस्सी."

"ते माहितीये हो," नाईक म्हणाले. "पुढची लिहू ना? तुम्हाला विचारल्याशिवाय कसं लिहिणार." मी विचारलं, "पुढची कुठली?" नाईक म्हणाले, "परवा केळीवाल्याकडे एकाने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण. तर म्हणाले, जोडीदार. मी शेजारीच बसलेलो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, नाईक, लागला एकदाचा निकाल."

मी मान हलवली. नाईकांनी बी.एस्सी.च्या पुढे एकेक अक्षर लिहिलं, प्रत्येकापुढे टिंब देत, आणि खडू शर्टच्या खिशात ठेवून दिला.

याला आता काही आठवडे झाले. काल मी तिकडे गेले होते, तर मामांचं नाव तसंच आहे. फळा पुसायला हवा असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे 'शुक्रवारी पाणी येणार नाही' हे खाली कोपऱ्यात बारीक लिहिलंय. नवीन आलेले एक भाडेकरू चष्मा वर करून वाचत होते. "सेक्रेटरीसाहेब, बी.एस्सी. कळलं. ही दुसरी कुठली हो पदवी?"

नाईकांनी वॉचमनची खुर्ची पुढे ओढली. "बसा," म्हणाले, "सांगतो."