हुक लावणारा हीरो

"हे छापायचं नाही," मिस्टर लिम म्हणाले आणि रुईची चारही पानं त्यांनी माझ्याकडे सरकवली.

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये मी सेफ्टी मॅनेजर, लिम माझे बॉस. आमचे कामगार तमिळ, बंगाली, चिनी आणि सूचनांचे बोर्ड इंग्रजीत. कोण वाचणार? म्हणून बिनशब्दांच्या कॉमिकची टूम मीच काढली होती. चित्रकार रुई, पोर्तुगीज. लिस्बनमध्ये बसून त्याने वर्षानुवर्षं परदेशी प्रकाशकांचे हीरो काढले, सगळे दुसऱ्यांच्या डोक्यातले. बायकोच्या नोकरीपायी तो सिंगापूरला आला. आता पहिल्यांदाच गोष्ट त्याची, चित्रं त्याची आणि कव्हरवर नावही एकट्याचं असणार होतं. आईला त्याने ते फोनवर सांगूनही टाकलं होतं.

गोष्ट सरळ होती. एक कामगार हार्नेसचा हुक न लावता उंच पाइपांवरून उडी मारतो आणि पडतो. दुसरा हुक लावतो आणि सुखरूप घरी जातो. हार्नेस म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला आवळायचे पट्टे. हुक पक्क्या जागी अडकवला की पाय घसरला तरी माणूस खाली जात नाही.

आम्ही पानं कँटीनमध्ये लावली. कामगार खूश! आमचा फिटर मुरुगन तर बाकावर चढून त्या उडीची हुबेहूब पोझ घेऊन उभा राहिला. टाळ्या पडल्या. नेमके तेव्हाच लिम जेवायला आले होते.

"सगळ्यांना तो मूर्खच व्हायचंय, लाह!" ते आपल्या सिंगापुरी 'लाह'सकट माझ्यावर उखडले.

रुईचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. "एक दिवस द्या, सर," मी गळ घातली.

"एकच. नाहीतर आपले बोर्ड बरे."

रुई पानांकडे बघत बसला आणि एकदम हसायला लागला. "अगं, स्प्लॅश पेज मी गाढवाला दिलं!"

अख्खं पान व्यापणारं चित्र म्हणजे स्प्लॅश पेज. ते ज्याला मिळतं तो हीरो, मग तो काहीही करो. सवयीने रुईचा हात उडीकडे वळला होता. हुक बिचारा कोपऱ्यातल्या चौकोनात.

त्याने स्टोअरमधून हार्नेस मागवला, अंगावर चढवला आणि पुन्हा पुन्हा हुक लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी नवीन पान आलं. पानभर हुक लावणारा कामगार, खाली चमकणारा समुद्र. उडी मारणारा मात्र बोटभर चौकोनात, तोंड वेडंवाकडं.

या वेळी लिम आधीपासूनच कँटीनमध्ये बसले होते. मुरुगन पुन्हा बाकावर चढला. त्याने नसलेला हुक ऐटीत हवेत फिरवला, डोक्यावर अडकवला आणि छाती काढून उभा राहिला. कँटीन दणाणलं.

"छापा," लिम म्हणाले. हसू दाबायचा प्रयत्न त्यांना जमला नाही.

पुस्तिका निघाली, कव्हरवर रुईचं नाव. शब्दच नसल्यामुळे लिस्बनला त्याच्या आईलाही ती कळली. लिमनी लगेच पुढची काढायला सांगितली.

बाकावर उभं राहणं हेही आमच्या नियमांत बसत नाही. त्या दिवशी मी ते बोलले नाही. कुठली गोष्ट छोट्या चौकोनात ठेवायची, हे सेफ्टी मॅनेजरलाही कळावं लागतं.